मालक बदलला, मग कराराचं काय?



गावातलं दूध संकलन केंद्र एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेलं, की आपण आधी काय विचारतो? नवा मालक कुठला, त्याची गाडी कोणती, हे नंतर. आधी विचारतो, मागच्या पंधरवड्याचं बिल कोण देणार? ठरलेला दर तोच राहणार का? आणि मापाला बसणारी आपली सखू कामावर राहणार की तिला उद्यापासून येऊ नको म्हणणार?

आज मी तुम्हांला असाच एक मालक बदलल्याची गोष्ट सांगणार आहे. ती आपल्या तालुक्यातली नाही. ती आहे अमेरिका आणि कॅनडातल्या हॉकी खेळणाऱ्या बायांची. तुम्ही म्हणाल, ताई, आमचा आणि हॉकीचा काय संबंध? अर्धा तास ऐका, मग संबंध तुम्हीच सांगाल.

आधी खेळ समजून घेऊ. आपल्याकडची हॉकी मैदानावर खेळतात. तिकडची बर्फावर. मोठ्या बंदिस्त सभागृहात पाणी गोठवून काचेसारखी लादी करतात. खेळाडू पायांत धारदार पात्यांचे बूट घालतात आणि त्या लादीवरून घसरत धावतात. चेंडूऐवजी रबराची जाड चकती असते, तिला पक म्हणतात. एका संघाच्या सहाजणी बर्फावर असतात, त्यातली एक गोलरक्षक. वेग इतका की एक खेळाडू मिनिटभर जोर लावते आणि बाहेर येते, तिच्या जागी दुसरी उडी मारते. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव होतात. म्हणून एका संघाला वीसेक तरी बाया लागतात, आणि त्या सगळ्यांना पगार द्यावा लागतो.

इथेच सगळं अडलं होतं.

कॅनडात २००७ साली बायांची एक लीग सुरू झाली. लीग म्हणजे अनेक संघांची वर्षभर चालणारी स्पर्धा. त्या लीगमध्ये पहिली दहा वर्षं खेळाडूंना पगारच नव्हता. ऑलिम्पिकचं सुवर्णपदक गळ्यात, आणि घरखर्चासाठी दुसरी नोकरी. दिवसभर काम करायचं आणि रात्री उशिरा, पुरुषांचे आणि पोरांचे सराव संपले की, उरलेल्या वेळात बर्फावर उतरायचं. २०१५ साली अमेरिकेत दुसरी लीग निघाली. तिने पगार द्यायला सुरुवात केली, कमीत कमी वर्षाला दहा हजार डॉलर. पण दुसऱ्याच वर्षी, हंगाम सुरू असताना, पैसे कमी पडले म्हणून काहींचे पगार थेट निम्म्यावर आणले. काम तेच, पैसे अर्धे. हे आपल्यातल्या पुष्कळ जणींना सांगून कळायला नको.

मग २०१९ साली कॅनडाची लीग बंदच पडली. त्या वेळी दोनशेच्या वर खेळाडूंनी एक ठराव केला. त्या म्हणाल्या, नीट पगार, विमा आणि सरावाला धड जागा मिळेपर्यंत आम्ही कुठल्याही लीगमध्ये खेळणार नाही. त्यांनी आपली संघटना काढली. घरी बसल्या नाहीत. गावोगाव फिरून प्रदर्शनी सामने खेळत राहिल्या, चार वर्षं.

पण सगळ्या काही त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. दुसऱ्या गटातल्या खेळाडू अमेरिकेच्या लीगमध्ये खेळत राहिल्या. त्यांचं म्हणणं होतं, आहे ते चालू ठेवू, बंद पडलं तर पुन्हा कोण सुरू करणार? आणि त्यांचंही खोटं नव्हतं. त्यांनी ती लीग टिकवली, वाढवली, पगार हळूहळू वर नेले. २०२३ सालापर्यंत तिथे सात संघ झाले होते.

म्हणजे एकाच कामाच्या बाया आणि दोन गट. एक म्हणतो, दर मिळेपर्यंत काम नाही. दुसरा म्हणतो, काम सोडलं तर तेही जाईल. असे दोन गट आपण ऊसतोडीत पाहिलेत, शेतमजुरीत पाहिलेत. कोण बरोबर, हे मी आज सांगणार नाही. पुढे काय झालं ते ऐका.

संघटनेच्या बाया सल्ला घ्यायला बिली जीन किंग यांच्याकडे गेल्या होत्या. या टेनिसच्या मोठ्या खेळाडू. १९७० साली टेनिसमध्ये पुरुषांना बायांपेक्षा कितीतरी पट बक्षीस मिळायचं. तेव्हा बिली जीन आणि आणखी आठजणींनी बंड केलं आणि स्वतःची स्पर्धा भरवायला निघाल्या. त्या नऊ जणींनी करारावर सही केली, तो करार होता एका डॉलरचा. पैसे एक डॉलर, पण कागद पक्का. ज्या बाईने अशा कागदावर सही केली, तिला करार म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही.

बिली जीन यांच्याबरोबर पैसा घेऊन आले मार्क वॉल्टर. अमेरिकेतला बेसबॉलचा मोठा संघ, लॉस एंजेलिस डॉजर्स, ज्यांच्याकडे आहे ते हे गृहस्थ. २०२३ च्या जूनअखेरीस बातमी आली. नव्या मालकांनी ती चालू लीग विकत घेतली. आणि विकत घेऊन बंद केली.

नीट ऐका हं. विकत घेऊन बंद केली. सातही संघ गेले. त्याच वर्षी मार्चमध्ये टोरोंटोच्या संघाने करंडक जिंकला होता. तो विजेता संघही गेला. आणि पुढच्या हंगामासाठी खेळाडूंनी केलेले करार रद्द झाले. डॅरिल वॉट्स नावाच्या खेळाडूने त्या लीगमधला तोवरचा सगळ्यात मोठा करार केला होता, एका हंगामाचे दीड लाख डॉलर. तोही कागदच राहिला. हातावर थोडी भरपाई ठेवली, पण ठरलेली रक्कम नाही. काहींनी त्या कराराच्या भरवशावर दुसऱ्या शहरात जायची तयारी केली असेल, हातातली नोकरी सोडली असेल. ज्या बायांनी चार वर्षं ती लीग जिवंत ठेवली, त्यांना वाटाघाटीत कुणी विचारलंही नाही.

आता दुसरी बाजू. जो गट चार वर्षं अडून बसला होता, त्याने नव्या मालकाशी काय ठरवलं? तर संघ निघायच्या आधी, खेळाडू निवडायच्या आधी, एक सामूहिक करार. आठ वर्षांचा, २०३१ पर्यंतचा. जुलैच्या सुरुवातीला त्यावर मतदान झालं आणि मगच गाडी पुढे गेली.

त्या करारात काय होतं, ते मी सावकाश सांगते. गटाच्या वहीत लिहून घ्यायचं असेल तर घ्या.

पहिलं, कमीत कमी पगार. कुठल्याही खेळाडूला वर्षाला पस्तीस हजार डॉलरपेक्षा कमी नाही. त्या वेळच्या दराने सुमारे एकोणतीस लाख रुपये. आकडा ऐकून डोळे मोठे करू नका, तिकडचं घरभाडं आणि भाजीसुद्धा त्याच मापाची. आणि पुरुषांच्या बर्फावरच्या हॉकीत त्याच वर्षी कमीत कमी पगार होता सात लाख पंचाहत्तर हजार डॉलर. म्हणजे बाईच्या बावीस पट.

दुसरं, प्रत्येक संघात किमान सहाजणींना ऐंशी हजार किंवा त्याहून जास्त, आणि तोही तीन वर्षांचा करार. तिसरं, संघाच्या पगाराची सरासरी पंचावन्न हजार. म्हणजे एकीला भरपूर आणि बाकीच्यांना चिल्लर असं करायला जागा कमी. चौथं, हंगामात घरभाड्यासाठी महिन्याला दीड हजार डॉलर वेगळे. पाचवं, आरोग्य विमा.

आणि सहावं, बाळंतपणाच्या रजेत पूर्ण पगार.

हे सहावं कलम कसं आलं असेल? वाटाघाटीला बसलेल्या खेळाडूंमध्ये केंडल कॉइन स्कोफील्ड होती. ऑलिम्पिक सुवर्णपदक विजेती, बर्फावर विजेसारखी धावणारी. बोलणी चालू होती तेव्हा ती पोटुशी होती. करारावर मतदान झालं त्याच दिवसांत तिला मुलगा झाला. सप्टेंबरात तिने मिनेसोटाच्या संघाशी करार केला आणि जानेवारीत बर्फावर उतरली, कप्तान म्हणून. टेबलाशी गरोदर बाई बसली असली की बाळंतपणाचं कलम विसरलं जात नाही, एवढंच मी म्हणते.

आता संघ कसे बांधले ते बघू, कारण पुढचा प्रश्न त्यातच आहे.

सहा संघ ठरले. बोस्टन, न्यू यॉर्क आणि मिनेसोटा अमेरिकेतले. टोरोंटो, मॉन्ट्रियल आणि ऑटावा कॅनडातले. सहाही संघांचा मालक एकच, वॉल्टर. सप्टेंबरच्या पहिल्या दहा दिवसांत प्रत्येक संघाने तीन-तीन खेळाडूंशी थेट करार केले. अठराजणी झाल्या. मॉन्ट्रियलने आपल्याच भागातली मारी-फिलिप पूलँ घेतली, बोस्टनने हिलरी नाइट, टोरोंटोने सारा नर्स. कुठे खेळायचं हे या अठराजणींना निवडता आलं.

बाकीच्यांसाठी आळीपाळीची निवड. ऐपतीप्रमाणे बोली लावायची नाही. सहा संघ ओळीने बसायचे, एकाने एक नाव घ्यायचं, मग दुसऱ्याने. अशा पंधरा फेऱ्या झाल्या, नव्वद नावं घेतली. पहिलं नाव टेलर हाइझ हिचं, मिनेसोटाने घेतलं. नावं दिली होती अडीचशेहून जास्त जणींनी. नव्वदजणी निवडल्या गेल्या. नंतर सरावाच्या शिबिरातून आणखी काहींना जागा मिळाली. बाकीच्या घरी गेल्या. त्यात बंद झालेल्या लीगच्या कितीतरी होत्या. सात संघांच्या जागी सहा संघ, आणि दारात दोन गटांची गर्दी. पगार वाढला, पण जागा कमी झाल्या. हिशोब मांडताना दोन्ही आकडे मांडायला हवेत.

आपल्याकडे पद्धत वेगळी आहे. मैदानावरच्या हॉकीची बायांची इंडिया लीग २०२५ च्या जानेवारीत पहिल्यांदा झाली, तेव्हा खेळाडूंचा लिलाव झाला. बोली लागली आणि उदिताला सगळ्यात जास्त, बत्तीस लाख रुपये मिळाले. आणि त्या स्पर्धेचा अंतिम सामना कुणी जिंकून दिला माहीत आहे का? आपल्या सातारा जिल्ह्यातल्या ऋतुजा पिसाळने. ओडिशाच्या संघाकडून दोन्ही गोल तिचे. लिलावात एकीला खूप मिळतं, एकीला कमी. आळीपाळीत बोली लागत नाही, पण गाव निवडता येत नाही. दोन्हींत काहीतरी मिळतं आणि काहीतरी सोडावं लागतं.

२०२४ च्या एक जानेवारीला नव्या लीगचा पहिला सामना झाला. त्याच एप्रिलमध्ये मॉन्ट्रियलला एका सामन्याला एकवीस हजार एकशे पाच माणसं आली. बायांची हॉकी बघायला एका सामन्याला इतकी माणसं त्याआधी जगात कुठेही आली नव्हती.

आता अदलाबदल. हंगाम सुरू होऊन दीड महिना झाला नव्हता तोच पहिली अदलाबदल झाली. सोफी जॅक्स नावाची बचावपटू. तिला बोस्टनने आळीपाळीत दहाव्या क्रमांकावर निवडलं होतं. फेब्रुवारीत बोस्टनने तिला मिनेसोटाला दिलं आणि बदल्यात दोघी घेतल्या, सुसाना टापानी आणि ॲबी कुक.

आमच्या गटात मी हे सांगितलं तेव्हा एक मावशी पटकन म्हणाल्या, "अगं, हे तर बैलबाजारासारखं झालं! एक गाय द्या, दोन वासरं घ्या." मैत्रिणींनो, मलाही पहिल्यांदा तेच वाटलं. माणसाला न विचारता एका गावातून दुसऱ्या गावी पाठवायचं म्हणजे काय? आणि हे खरंच आहे, अशा अदलाबदलीत खेळाडूची संमती घेतलीच पाहिजे असं नसतं. सकाळी फोन येतो, आणि सामान बांधायचं.

पण बैल आणि खेळाडू यांत एक फरक आहे, तो कागदाचा. खेळाडू नव्या गावी जाते तेव्हा तिचा करार तिच्याबरोबर जातो. पगार तोच, मुदत तीच, विमा तोच. नव्या संघाला असं म्हणता येत नाही, की ते बोस्टनने ठरवलं होतं, आम्ही एवढे देणार नाही. मघाशी आपण पाहिलं, लीग विकली गेली तेव्हा करार बुडाले. इथे संघ बदलला, तरी करार टिकला. फरक कशाचा? पहिल्या वेळी मागे सामूहिक करार नव्हता, ज्याचा त्याचा सुटा कागद होता. दुसऱ्या वेळी सगळ्यांनी मिळून केलेला कागद होता.

सोफीचं पुढे काय झालं? त्याच मे महिन्यात अंतिम फेरीत समोरासमोर आले ते बोस्टन आणि मिनेसोटा, अदलाबदल करणारेच दोघे. पाच सामन्यांची झुंज झाली. पाचवा सामना बोस्टनच्या अंगणात. मिनेसोटाने तो तीन-शून्य जिंकला, आणि शेवटचा गोल केला त्याच केंडलने, जिचं बाळ अजून वर्षाचंही नव्हतं. दुसऱ्या वर्षी करंडक पुन्हा मिनेसोटाचा. ज्या सोफीला बोस्टनने जाऊ दिलं, तिच्या खात्यात दोन करंडक जमा झाले.

मग २०२५ च्या एप्रिलमध्ये, हंगाम सुरू असतानाच, आणखी दोन संघ जाहीर झाले, सिअ‍ॅटल आणि व्हँकूव्हर. नव्या संघांना खेळाडू कुठून आणायच्या? जुन्या सहा संघांना सांगितलं, सुरुवातीला तुम्ही फक्त तीन-तीन नावं राखून ठेवा. बाकीच्या खुल्या. प्रत्येक जुन्या संघातून चार-चार जणी जाणार. जूनच्या पहिल्या आठवड्यात चार-पाच दिवस असे ठेवले, की राखून न ठेवलेल्या खेळाडूंशी नव्या संघांनी थेट बोलायचं.

बोस्टनने तीन नावं राखली, त्यात आपल्या कप्तानाचं नाव नव्हतं. हिलरी नाइट, पस्तीस वर्षांची, त्या खेळातलं सगळ्यात मोठं नाव. ती सिअ‍ॅटलला गेली. टोरोंटोची सारा नर्स व्हँकूव्हरला. आणि आपली सोफी जॅक्स? या वेळी तिला कुणी दिलं-घेतलं नाही. तिने स्वतः व्हँकूव्हरशी करार केला. दोन वर्षांपूर्वी तिचं नाव आळीपाळीत पुकारलं गेलं होतं, नंतर तिला दुसरीकडे पाठवलं होतं, आता तिने स्वतः सही केली. मिनेसोटाची दुसरी बचावपटू क्लेअर थॉम्पसन तीही तिकडेच गेली. दोनदा जिंकलेल्या संघाची भिंतच निघून गेली. मिनेसोटाच्या लोकांना वाईट वाटलं असणार. पण चाळीस-पन्नास नव्या जागा निघाल्या, हेही खरं. पहिल्या वर्षी घरी परत गेलेल्या किती जणींना त्यामुळे दार उघडलं असेल.

आता शेवटचं. या गोष्टीत मालक वाईट की चांगला, असं मला विचाराल तर मी म्हणेन, मालक मालकच असतो. सगळे संघ एकाच माणसाच्या हातात आहेत. उद्या खेळाडूला पगार पटला नाही, तर ती त्या देशांत दुसऱ्या कुणाकडे जाणार? दुसरं दुकानच नाही. म्हणूनच तिथल्या खेळाडूंनी आपली संघटना मोडली नाही. करार झाला, आता संघटना कशाला, असं त्या म्हणाल्या नाहीत. २०३१ ला हा कागद संपेल, तेव्हा पुन्हा टेबलाशी बसायचंय.

आणि त्या दुसऱ्या गटातल्या, ज्यांचे करार बुडाले? डॅरिल वॉट्स पहिल्या हंगामात ऑटावाकडून खेळली, पुढच्या उन्हाळ्यात टोरोंटोने तिला घेतलं. काहीजणी अशा परत आल्या. काही आल्या नाहीत. दोन्ही गट २०१९ सालीच एकत्र बसले असते तर काय झालं असतं, याचं उत्तर आज कुणी देऊ शकत नाही. पण तो प्रश्न मला या सगळ्या गोष्टीत सगळ्यात जास्त टोचतो.

म्हणून या आठवड्याच्या बैठकीत एक काम करा. तुमच्या गटाचा माल कुणी घेत असेल, दूध असो, शिवणकाम असो, पापड-लोणची असोत, तर त्या व्यवहाराचा कागद काढा. कागद असेल तर तीन गोष्टी वाचा. घेणारा बदलला तर ठरलेला दर पुढे चालणार का, थकलेली रक्कम कोण देणार, आणि कागद एकीच्या नावावर आहे की सगळ्या गटाच्या. कागद नसेल, तर तो कसा करायचा हे बोला. आणि बोलायला बसाल तेव्हा शेजारच्या वाडीतल्या दुसऱ्या गटालाही निरोप द्या. त्यांचं आपलं पटत नसलं, तरी द्या.

काय ठरलं ते आम्हांला रेडिओवर फोन करून कळवा. पुढच्या आठवड्यात याच वेळी भेटू.